यंत्रावर शून्य आले म्हणजे चालक शुद्धीत आहे असे नव्हे

संपादक महोदय,

नाकाबंदीत इतक्या मद्यपी चालकांवर कारवाई झाली, अशी बातमी अधूनमधून छापून येते. गांजा ओढून, झोपेच्या गोळ्या घेऊन किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध बाटलीभर पिऊन गाडी चालवणारा त्या आकड्यात सहसा नसतो. असे चालक रस्त्यावर नाहीत, असा याचा अर्थ नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट कायद्याने श्वासाच्या यंत्रातून काढली आहे आणि ते यंत्र अल्कोहोलखेरीज काही ओळखत नाही. हे पत्र मुख्यतः त्या वाटेबद्दल आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ मध्ये दोन वेगळे गुन्हे आहेत. पहिला अल्कोहोलचा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा पूर्ण झाला. गाडी सरळ चालली होती की वाकडी, हा प्रश्न उरत नाही. दुसरा अमली द्रव्याचा. तिथे आकडा नाही. गाडीवर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे सिद्ध करावे लागते. शिक्षा दोन्हींना सारखीच आहे: पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुराव्याचे ओझे मात्र मुळीच सारखे नाही.

आता कलम २०३ आणि २०४ शेजारी ठेवून वाचा. कलम २०३ मध्ये पोलीस श्वासाचा नमुना मागू शकतात. यंत्राने अल्कोहोल दाखवले किंवा चालकाने फुंकायला नकार दिला तर अटक करू शकतात. कलम २०४ मध्ये रक्ताचा नमुना मागता येतो, पण कोणाकडून? कलम २०३ खाली अटक झालेल्याकडून, आणि तेही यंत्राने अल्कोहोल दाखवले असेल किंवा त्याने फुंकलेच नसेल तरच. रुग्णालयात दाखल असलेल्या चालकासाठीही याच दोन अटी आहेत. म्हणजे डोळे लाल, जीभ जड, पाय अडखळणारे, पण यंत्रावर ०००, अशा माणसाचे रक्त घेण्याचा अधिकार कलम २०४ देत नाही. जो फुंकायला नकार देतो त्याचे रक्त घेता येते. जो मुकाट्याने फुंकतो आणि दारू प्यायलेला नसतो, तो गांजाच्या धुंदीत असला तरी या कलमातून सुटतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८५ मधली ‘ड्रग’ची व्याख्या रुंदावली, प्रयोगशाळेतील चाचणीचा उल्लेखही घातला, पण नमुना घेण्याची ही वाट होती तशीच राहिली.

सध्याच्या कायद्यात आडवाट आहे आणि ती फार थोड्या ठिकाणी वापरली जाते. कलम २०२ प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकारी त्याच्यासमोर कलम १८५ चा गुन्हा घडत असेल तर वॉरंटशिवाय अटक करू शकतो. यात अमली द्रव्याचा गुन्हाही आला. अटक झाली की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१ (जुन्या दंड प्रक्रिया संहितेचे ५३) लागू करता येते. त्यात पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून नोंदणीकृत डॉक्टर आरोपीची तपासणी करतो. रक्ताचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे आणि डॉक्टरला आवश्यक वाटतील त्या इतर चाचण्यांनाही मुभा आहे, त्यामुळे लघवीही त्यात बसते. स्त्री आरोपी असेल तर तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली करायची. अट एकच: मागणीपत्रात ‘मद्यप्राशनाबाबत तपासणी व्हावी’ हे ठरीव वाक्य नको. ‘अमली व गुंगी आणणाऱ्या द्रव्यांच्या अमलाबाबत तपासणी, रक्त व लघवीचे नमुने’ असे लिहून संशयाची कारणेही द्यावी लागतात. जे मागितले नाही ते डॉक्टर घेत नाही आणि प्रयोगशाळा शोधत नाही.

हे सारे वेळेत व्हायला हवे. कलम १८५ खाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी २ तासांत झाली नाही तर कलम २०२ च्या परंतुकाप्रमाणे त्याला सोडावेच लागते. ही कमाल मर्यादा आहे. व्यवहारात मात्र तेवढा वेळ हाताशी आहे असे धरले जाते. शरीर कायद्यासाठी थांबत नाही. पिणे थांबल्यावर आणि शोषण पुरे झाल्यावर रक्तातले अल्कोहोल बहुतेकांत ताशी १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते. काहींत १०, सराईत पिणाऱ्यांत २५ किंवा जास्तही. गाडी अडवली तेव्हा ५५ असलेला माणूस दोन तासांनी रक्त देईल तेव्हा १५ ते २५ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत आलेला असेल. मागे मोजत जाऊन मूळ आकडा काढता येतो, पण शेवटचा घोट कधी घेतला हे ठाऊक असेल तरच. नुकताच पिऊन निघालेल्याचे शोषण अजून चालू असते, त्याचा आकडा चढतीवर असतो, आणि मग मागे मोजणे उलट्या दिशेने चुकते. बचाव पक्षाचे वकील हे चांगले जाणून असतात. म्हणून गाडी अडवल्याची, पहिल्या फुंकरीची, डॉक्टरसमोर हजर केल्याची आणि सुई टोचल्याची अशा चारही वेळा मिनिटासह लिहिलेल्या हव्यात.

अल्कोहोलच्या यंत्राबद्दल थोडे सविस्तर, कारण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास आणि आंधळा अविश्वास दोन्ही पाहायला मिळतात. चांगल्या हातयंत्रात इंधनघट (फ्युएल सेल) असतो. प्लॅटिनमच्या पत्र्यावर श्वासातले इथेनॉल ऑक्सिडाइझ होऊन ॲसेटिक ॲसिड बनते आणि त्यातून निघणारा विद्युतप्रवाह इथेनॉलच्या प्रमाणात असतो. मधुमेहींच्या श्वासातला ॲसिटोन त्याला फसवत नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत टिन ऑक्साइडचा अर्धवाहक संवेदक असतो. तो ॲसिटोनला, सिगारेटच्या धुरालाही प्रतिसाद देतो, त्याचा आकडा पुराव्यात नेऊ नये. कायद्यालाही केंद्र सरकारने अधिसूचनेने मान्य केलेल्या प्रकारचेच यंत्र अभिप्रेत आहे.

यंत्र मोजते श्वास आणि दाखवते रक्त. मधला दुवा म्हणजे २१०० : १ हे गुणोत्तर. १ मिलिलिटर रक्तात जेवढे अल्कोहोल तेवढेच २१०० मिलिलिटर श्वासात, असे धरून हिशेब होतो. त्यामुळे रक्तातले ३० मिलिग्रॅम म्हणजे दर लिटर श्वासात सुमारे ०.१४३ मिलिग्रॅम. बहुतेक माणसांत खरे गुणोत्तर २१०० पेक्षा जरा जास्त असते, म्हणून शोषण पुरे झाल्यावर यंत्राचा आकडा रक्तापेक्षा थोडा कमीच येतो. चूक झाली तर ती चालकाच्या बाजूने होते. खरा घोळ एककाचा आहे. काही यंत्रे श्वासातले मिलिग्रॅम प्रति लिटर दाखवतात, काही रक्तातले मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर, काही टक्के. पंचनाम्यात नुसते ‘०.१५’ लिहिले असेल तर ते श्वासातले मानल्यास रक्तातले साधारण ३१.५ होते, टक्के मानल्यास १५०. पहिला चालक मर्यादेवर लोंबकळतो, दुसरा झिंगलेला आहे, आणि कागद दोघांचा एकच.

फुंकर खोल फुप्फुसातली हवी. सुरुवातीचा सुमारे १५० मिलिलिटर श्वास नळ्यांतला असतो, त्यात रक्तातले अल्कोहोल पुरते उतरलेले नसते. म्हणून यंत्र काही सेकंद अखंड फुंकायला लावते. गाल फुगवून तोंडातलीच हवा सोडणे, मध्येच थांबणे, नळी दातांनी दाबणे हे प्रकार अनुभवी हवालदाराच्या लगेच लक्षात येतात. श्वास रोखून धरून फुंकले तर आकडा चढतो, आधी भराभर श्वास घेतले तर उतरतो. तोंडात राहिलेले अल्कोहोल ही सगळ्यात मोठी चूक. नुकताच घेतलेला घोट, माउथवॉश, उलटी, ढेकर यांमुळे आकडा खोटा फुगतो, पण हे अल्कोहोल १५ मिनिटांत ओसरते. म्हणून चालकाला १५ ते २० मिनिटे नजरेसमोर ठेवावे, खाऊ-पिऊ देऊ नये, ढेकर किंवा उलटी झाली तर घड्याळ पुन्हा शून्यापासून लावावे. ‘मी पाणी मागितले, दिले नाही’ ही तक्रार यातूनच येते. पाणी चाचणीनंतर द्यावे. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: सॅनिटायझर लावलेले ओले हात. यंत्र हाताळणाऱ्याच्या तळव्यावरची वाफही संवेदकापर्यंत पोहोचते. प्रत्येक चालकाआधी नवी नळी आणि रिकाम्या हवेची चाचणी, आणि ती ००० आल्याचा छापील पुरावा, एवढे केले की हा आक्षेप तिथेच मिटतो. आधीच्या चालकाचा आकडा फार मोठा असेल तर घट मोकळा व्हायला वेळ लागतो, तो द्यावा.

दोन फुंकरी काही मिनिटांच्या अंतराने घ्याव्यात आणि कमी आलेला आकडा धरावा. दोघींत बराच फरक असेल तर तोंडातल्या अल्कोहोलचा संशय घ्यावा. नळीशिवाय, लांबून फुंकायला लावणारी चाचणी फक्त चाळणीची. तिचा आकडा लिहूच नये. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा आकडा ज्ञात प्रमाणाशी जुळवून पाहणे, ठरल्या मुदतीत, सहसा सहा महिन्यांनी, ज्ञात प्रमाणाच्या वायूने किंवा ३४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या द्रावणाच्या वाफेने व्हायला हवे आणि त्याची तारीख छापील पावतीवर दिसायला हवी. ३२ आला तर? कायद्याने गुन्हा आहे, पण दोन मिलिग्रॅमचा फरक हातयंत्राच्या त्रुटीत सहज बसतो. मर्यादेजवळच्या प्रत्येक प्रकरणात रक्त घ्यावे, हे आमचे स्पष्ट मत. दमेकऱ्याला पुरेसे फुंकता येत नसेल तर त्याला दहादा फुंकायला लावण्यात अर्थ नाही. कलम २०४ च्या भाषेत तो ‘देऊ न शकलेला’ आहे, सरळ रक्ताकडे जावे.

रक्ताच्या नमुन्यात प्रकरणे कशी कोसळतात हे प्रयोगशाळेत बसलेल्यांना रोज दिसते. सर्वांत जुनी चूक स्पिरिटचा बोळा. १९५९ च्या मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी व रक्त परीक्षण) नियमांपासून सांगितले जात आहे की रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको आणि शिरेतले रक्त किमान ५ सी.सी. हवे. स्पिरिटच्या बोळ्याने प्रत्यक्षात फार थोडे अल्कोहोल नमुन्यात जाते, पण न्यायालयात प्रश्न किती गेले हा नसतो, गेले का हा असतो. पोव्हिडोन आयोडीनचे पाण्यातले द्रावण वापरावे आणि तपासणी अर्जावर तसे लिहावे.

दुसरी चूक नळीची. रक्त साखळू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झलेट आणि जंतूंची वाढ थांबावी म्हणून सोडियम फ्लोराइड लागते. राखाडी टोपणाच्या नळीत दोन्ही असतात, पण रुग्णालयातली छोटी राखाडी नळी साखरेच्या चाचणीसाठी बनवलेली असते. तिच्यातले फ्लोराइड थोड्या वेळापुरते पुरते, प्रयोगशाळेत आठवडे पडून राहणाऱ्या नमुन्याला नाही. न्यायवैद्यक नमुन्यात फ्लोराइड किमान १ टक्का, म्हणजे दर मिलिलिटर रक्ताला १० मिलिग्रॅम हवे. ते कमी पडले तर कँडिडासारखे यीस्ट रक्तातल्या साखरेपासून इथेनॉल तयार करू शकते, किंवा उलट जंतू असलेले इथेनॉल खाऊन टाकतात. दोन्ही बाजूंनी अन्याय. नळी जवळजवळ पूर्ण भरावी. अर्धी रिकामी राहिली तर उरलेल्या जागेत अल्कोहोल उडते आणि झाकण उघडताच निघून जाते. भरल्यावर ८ ते १० वेळा हलके उलटसुलट करावी, नाहीतर फ्लोराइड तळाशीच राहते आणि वर रक्त साखळते. दोन नळ्या घ्याव्यात, एक फेरतपासणीसाठी. सील, लेबल, सही, वेळ, आणि लगेच ४ अंश सेल्सिअसचा फ्रिज. मुद्देमालाच्या खोलीतले कपाट फ्रिज नसते, हे वाक्य विनोदी वाटेल, पण त्यातच नमुने नासतात.

अपघातात जखमी झालेल्या चालकाच्या बाबतीत रुग्णालयाचा अहवाल थेट जोडला जातो, तेही तपासून पाहावे. तिथे बहुधा सीरमवर, म्हणजे रक्त साखळल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवावर, एन्झाइम पद्धतीने चाचणी होते. सीरममध्ये पाणी जास्त, म्हणून त्यातला आकडा रक्तापेक्षा साधारण १२ ते १८ टक्क्यांनी मोठा येतो. कायद्याची मर्यादा रक्ताची आहे, सीरमची नाही. सीरमचे ३४ हे रक्ताचे ३० च्या आसपासच. शिवाय मोठ्या दुखापतीत रक्तातले लॅक्टेट वाढलेले असते आणि ते या एन्झाइम पद्धतीत अल्कोहोलचा भास निर्माण करू शकते. न्यायसहायक प्रयोगशाळेची हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफी (नमुन्यावरच्या वाफेतले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत), दोन वेगळ्या स्तंभांवर, एन-प्रोपॅनॉलसारख्या अंतर्गत मानकासह, हाच पुरावा.

आता पुन्हा शून्याकडे. यंत्रावर ००० असलेला, पण ताबा सुटलेला चालक समोर उभा आहे. सर्वांत आधी ग्लुकोमीटर. साखर उतरलेला मधुमेही, पक्षाघाताची सुरुवात, डोक्याला मार लागलेला माणूस हुबेहूब नशेतल्यासारखा दिसतो, आणि त्याला कोठडीत टाकणे म्हणजे मारणे. हे वगळल्यावर निरीक्षणे. डोळ्यांसमोर १२ ते १५ इंचांवर पेन धरून आडवे हलवले असता बुबुळे थरथरत असतील तर अल्कोहोल किंवा झोपेच्या गोळ्यांसारखी गुंगीची द्रव्ये सुचतात. गांजात ही थरथर नसते. तिथे डोळ्यांचा पांढरा भाग लाल होतो आणि नाकाकडे आणलेल्या टोकावर दोन्ही डोळे एकत्र येत नाहीत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर अफूवर्गीय, विस्फारलेल्या असतील आणि नाडी जलद असेल तर उत्तेजक. सरळ रेषेवर टाच-अंगठा जोडत ९ पावले, वळून ९ पावले. एका पायावर ३० सेकंद. डोळे मिटून ३० सेकंद मनात मोजणे. गुडघेदुखी, वय, चपलेची उंच टाच यांची नोंद त्याच कागदावर हवी, नाहीतर तोल जाण्याचा अर्थ लावता येत नाही.

ही निरीक्षणे एकटी पुरत नाहीत. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटले की तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर मद्यप्राशन सिद्ध होत नाही. अमली द्रव्याच्या बाबतीत उलटेही खरे: फक्त प्रयोगशाळेचा ‘आढळले’ हा शेरा पुरत नाही, कारण कलम १८५ ताबा सुटल्याचा पुरावा मागते. दोन्ही कागद एकमेकांना टेकून उभे राहतात.

लघवीचा गैरसमज तर मोठा आहे. गांजा ओढल्यावर काही मिनिटांत रक्तातले टीएचसी (गांजातले नशा आणणारे द्रव्य) शिखर गाठते आणि दोन-तीन तासांत अगदी थोडे उरते. पण त्याचा निष्क्रिय अवशेष लघवीत काही दिवस, रोज ओढणाऱ्यात काही आठवडेही सापडतो. त्यामुळे लघवी सांगते ‘कधीतरी घेतला होता’; आत्ता अंमल होता का, हे रक्तच सांगते, तेही लवकर काढलेले. तरी लघवी घ्यावी, ३० ते ५० मिलिलिटर, फ्लोराइड घालून, कारण कोणत्या द्रव्याचा शोध घ्यायचा हे तिथून कळते. पट्टीवरच्या झटपट चाचणीवर थांबू नये. सर्दीच्या औषधातले स्यूडोएफेड्रीन ॲम्फेटामाइनचा खोटा होकार देऊ शकते, तर अल्प्राझोलामसारख्या गुंगीच्या गोळीचे रक्तातले प्रमाण नॅनोग्रॅममध्ये असते आणि साधी चाचणी ते हुकवू शकते. खात्री मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून द्रव्य ओळखणाऱ्या चाचणीने, करावी लागते. टीएचसी प्लॅस्टिकला आणि रबराच्या बुचाला चिकटते, म्हणून काचेची नळी बरी. पंक्चरचे सोल्यूशन किंवा थिनर हुंगल्याचा संशय असेल तर काचेची नळी काठोकाठ भरून घट्ट बंद करावी. टोल्युइन हा हा म्हणता उडून जाते.

लाळेची चाचणी हा मधला मार्ग आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात डिसेंबर २००४ पासून रस्त्यावर लाळ तपासली जाते. जिभेवर किंवा गालाच्या आत बोळा फिरवायचा, काही मिनिटांत निकाल. लाळेत मूळ टीएचसी सापडते, त्यामुळे अलीकडचे सेवन कळते. अडचणी आहेत: गांजाने तोंड कोरडे पडते आणि बोळा भिजत नाही, काही किट केटामाइन (भुलीचे औषध) किंवा कृत्रिम कॅनाबिनॉइड (गांजासारखा अंमल करणारी बनावट द्रव्ये) ओळखत नाहीत. चाळणी म्हणून मात्र ती उत्तम, आणि तिचा होकार आला की रक्त. इंग्लंड-वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून रक्तातल्या टीएचसीला लिटरला २ मायक्रोग्रॅम, जर्मनीत ऑगस्ट २०२४ पासून सीरममध्ये मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम अशी मर्यादा आहे. एक रक्तातली, एक सीरममधली. शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे आकडा ठरवण्याची घाई करू नये असे वाटते. आधी नमुना तरी हाती यायला हवा.

त्यासाठी कलम २०३ आणि २०४ मध्ये दोन शब्दांची भर पुरेल: जिथे ‘अल्कोहोल’ आहे तिथे ‘किंवा ड्रग’, आणि श्वासाच्या यंत्राबरोबर लाळेच्या मान्य यंत्राचा उल्लेख. हे संसदेचे काम आहे, त्याला लागेल तेवढा वेळ लागेल. ठाण्यात मात्र उद्यापासून एक डबा ठेवता येतो: १ टक्का फ्लोराइडच्या काचेच्या नळ्या, पोव्हिडोन आयोडीन, लघवीची बाटली, ग्लुकोमीटर, सील, आणि कलम ५१ च्या मागणीपत्राचा छापील नमुना, ज्यात ‘श्वासचाचणी शून्य, तरी पुढील कारणांमुळे अमली द्रव्याचा संशय’ ही ओळ आधीच छापलेली असेल आणि तिच्याखाली कारणांसाठी मोकळी जागा.

आपला,
न्यायवैद्यकशास्त्राचा एक अभ्यासक